पोंत

एका कागदावर हा शब्द दोनदा लिहिलेला होता, एकाखाली एक. वरच्यापुढे ‘रोमान्योल’, खालच्यापुढे ‘वेल्श’, आणि दोन्हींसमोर अर्थ एकच: पूल. एवढंच. ना टीप, ना प्रश्नचिन्ह. एक बोली इटलीत एड्रियाटिक समुद्राकाठी, रिमिनी, फोर्ली, राव्हेन्ना या रोमान्या भागातली. दुसरी भाषा ब्रिटनच्या पश्चिम अंगाची, पावसात भिजलेल्या डोंगरांची. मधे आल्प्स, अख्खा फ्रान्स आणि वर एक खाडी. खुद्द रिमिनीच्या माणसाची बोली मिलानमध्ये धड कळत नाही, आणि वेल्श तर शेजारच्या इंग्रजालाही परकी. तरी पुलाला दोघं म्हणणार पोंत. अशी जुळणी दिसली की माणूस आधी खूश होतो आणि मग अस्वस्थ. बाजारात अनोळखी चेहऱ्यावर आपल्या काकांचं नाक दिसावं, तसं काहीतरी. नातं असेल का? असेल तर कुणाकडून? आणि नसेल, तर हे नाक आलं कुठून?

सोपं उत्तर तयारच असतं. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या आसपास रोमान्याच्या सपाटीवर केल्टिक टोळ्या येऊन बसल्या होत्या. किनाऱ्याकडे सेनोन, आत बोई. बोलोन्या शहराचं जुनं नाव बोनोनिया, त्यातही लोकांना हे बोई ऐकू येतात. या भागातल्या बोलींच्या कुळाला भाषाशास्त्रज्ञ ‘गॅलो-इटालिक’ म्हणतात, म्हणजे नावातच गॉल लोक, तेही केल्टच. वेल्श तर केल्टिकच. मग झालं की! पोंत हा जुना केल्टिक शब्द, एक फांदी पो नदीच्या सपाटीवर उरली, दुसरी वेल्समध्ये. गोष्ट इतकी चपखल बसते की तिथेच थांबावंसं वाटतं. शब्दांच्या व्युत्पत्तीत बहुतेक घोटाळे इथेच होतात. दिसायला सारखं आहे, इतिहासही सोयीचा आहे, मग पुढची चौकशी कोण करतो.

चौकशी करायची तर पहिल्या अक्षरापासून. केल्टिक भाषांची एक खोड आहे, आणि ती एखाद्या शब्दापुरती नसून सरसकट आहे: मूळ इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, लॅटिन, केल्टिक यांच्या सामाईक पूर्वज भाषेतला, ‘प’ त्यांनी गिळून टाकला. आपल्याकडे पितृ, लॅटिनमध्ये पातेर, पण आयरिशमध्ये अहिर. सुरुवातीचा प गायब. आपल्याकडे पूर्ण, लॅटिनमध्ये प्लेनुस, आयरिशमध्ये लान आणि वेल्शमध्ये ल्हाउन. पुन्हा प गायब. मग वेल्शमध्ये प मुळीच नाही का? भरपूर आहे, पण तो दुसऱ्या खाणीतला. मूळ ‘क्व’चा वेल्शमध्ये प झाला. चार म्हणजे पेद्वार. त्याच्यासमोर लॅटिन क्वातुओर आणि आपलं चत्वार ठेवा. डोकं म्हणजे पेन, आयरिशमध्ये तेच क्यान. पाच म्हणजे पिम्प, आणि इथे मराठी माणूस हमखास फसतो. पंच आणि पिम्प, काय सुरेख जुळतंय! पण पिम्पमधला पहिला प हा पंचमधला प नव्हे. लॅटिन आणि केल्टिकच्या पूर्वजांनी मूळ ‘प’चा आधी ‘क्व’ केला (लॅटिन क्विंक्वे त्याची साक्ष), आणि मग वेल्शनं त्या क्वचा पुन्हा प केला. घर विकून दुसऱ्या गल्लीत गेलेला माणूस फिरून त्याच नंबरच्या घरात भाड्यानं राहायला यावा, तसा तो प.

आता पोंत. त्याचा लॅटिन भाऊ पोन्स, आणि वाक्यात इतर विभक्तींत येणारं रूप पोन्तेम. हा मूळचाच ‘प’ असलेला शब्द आहे, त्याबद्दल पुढे येईलच. म्हणजे तो केल्टिक परंपरेनं वेल्शपर्यंत आला असता, तर त्याचा प वाटेतच गळला असता. गळला नाही. याचा अर्थ प गिळण्याचं काम संपून शेकडो वर्षं झाल्यावर, कधीतरी बाहेरून, शब्द आयता आत आला. बाहेर म्हणजे कोण, हे सांगायला नको. इसवी सन ४३ मध्ये रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरलं आणि साधारण ४१० पर्यंत त्यांचा अंमल होता.

शब्द उसना आहे.

आणि उसना घेताना घरात शब्द नव्हता असंही नाही. केल्टांचा पुलाला स्वतःचा शब्द होता: ब्रीवा. गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, जुन्या गावांच्या नावांत तो अजून अडकून पडलेला आहे. आजचं आमिएँ म्हणजे एकेकाळचं सामारोब्रीवा, सोम नदीवरचा पूल. ब्रिटनमध्ये रॉचेस्टरचं जुनं नाव दुरोब्रीवे. पण या सगळ्यांत बोलकं नाव पॅरिसजवळच्या पोंत्वाझचं. त्याचं जुनं नाव ब्रीवा इसारे, इसारा नदीवरचा पूल. आजचं नावही तेच सांगतं: इसाराची झाली वाझ, आणि ब्रीवाच्या जागी आला पों. नदी तीच, पूल त्याच जागी, अर्थ तसाच्या तसा, फक्त पुलाचा शब्द काढून दुसरा बसवला. रेल्वेचा जुना रूळ काढून रात्रीत नवा टाकतात, तसं. ब्रिटनच्या केल्टांतही तेच झालं: वेल्शमध्ये पोंत, कॉर्निशमध्ये पोन्स, ब्रिटनीच्या ब्रेतोंमध्ये पुन्हा पोंत. आयर्लंडमध्ये रोमन अंमल कधी पोचलाच नाही, तिथे आजही पुलाला आयरिश शब्द आहे, द्रोहिद. साम्राज्याची सीमा कुठवर होती हे नकाशा न पाहता एका शब्दावरून सांगता येतं.

घरात शब्द असताना बाहेरचा का घ्यावा? वेल्शनं लॅटिनकडून काय काय घेतलं याची यादी चाळली की थोडं लक्षात येतं. मीर म्हणजे भिंत, फोस म्हणजे खंदक, फेनेस्त्र म्हणजे खिडकी, ल्हिव्हर म्हणजे पुस्तक, एग्लुइस म्हणजे चर्च. बांधकाम, सैन्य, लेखन, धर्म. मग अचानक ब्रैख: दंड, हात. आता हात काय रोमनांनी आणला? कोणत्याही भाषेत असे एकदोन शब्द निघतातच, ज्यांच्या उसनवारीचं कारण गरज नसून नुसता सहवास असतो. आपणही ‘खुर्ची’ बाहेरून घेतली आणि ‘हवा’सुद्धा. पोंतच्या बाबतीत मात्र मला वाटतं वस्तूच बदलली होती. ब्रीवा बहुधा लाकडाची, खांब रोवून वर फळ्या टाकलेली. पूर आला की जाणार, आणि पाणी उतरलं की पुन्हा बांधणार. रोमन पोन्स म्हणजे दगडी कमान असंही सरसकट नाही, त्यांचेही असंख्य पूल लाकडीच होते. पण ज्याच्यावरून सडक जाते, ज्यावर सैन्य आणि गाड्या न थांबता पार होतात, तो पूल सरकारी होता. सरकारी गोष्टीचं नाव सरकारी भाषेतच पडतं. आपल्याकडे रुमाल, दस्तऐवज, तालुका हे शब्द असेच रुळले.

दुसऱ्या टोकाला रोमान्यात गोष्ट उलटी. तिथे शब्दानं कुठेही प्रवास केला नाही. रोमनांनी ख्रिस्तपूर्व २६८ मध्ये अरिमिनुम ही वसाहत वसवली, तीच आजची रिमिनी. ख्रिस्तपूर्व १८७ मध्ये तिथून पिआचेन्झापर्यंत एमिलियन सडक काढली, सुमारे २६० किलोमीटर, बहुतेक सरळ, दोरी धरून आखल्यासारखी. तिच्यावरची गावं आजही माळेच्या मण्यांसारखी आहेत: चेझेना, फोर्ली, फाएन्झा, इमोला. सडकेच्या सुरुवातीलाच मारेक्या नदीवर एक पूल आहे. ऑगस्टसच्या काळात, इसवी सन १४ मध्ये काम सुरू झालं, आणि तिबेरियसच्या काळात, २१ मध्ये संपलं. पाच कमानी, इस्त्रियाहून आणलेला पांढरा दगड, कठड्यावर दोन्ही सम्राटांची नावं खोदलेली. दोन हजार वर्षं तो पूल जागेवर आहे, आणि त्याच्यावरून जाणाऱ्यांच्या तोंडात शब्दही तोच आहे, फक्त झिजत गेलेला. पोन्तेममधला शेवटचा म तर लॅटिन बोलणाऱ्यांच्या तोंडून फार पूर्वीच गेला होता. उरलं पोन्ते. प्रमाण इटालियन तिथेच थांबली. रोमान्योलनं पुढे जाऊन शेवटचा ए छाटला, कारण ‘आ’ सोडून शब्दाच्या शेवटी कुठलाच स्वर ठेवायचा नाही ही तिची रीत. झालं पोंत. आपल्याला यात नवल वाटू नये. हस्तचा हत्थ, हत्थचा हात, आणि त्या हातमधला शेवटचा अ आपण लिहितो पण म्हणत कुठे?

वेल्शमध्येही शेपूट छाटलं गेलं, साधारण सहाव्या शतकात. पण ती छाटणी वेगळ्या माळ्याची. ब्रिटनमधल्या केल्टिक भाषेनं शब्दांच्या शेवटचे अवयव सरसकट टाकून दिले, त्यात स्वतःचे शब्द होते तसे उसनेही. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता, दीड हजार किलोमीटर अंतरावर, एकाच कापडाला सारखीच कात्री लावली आणि तुकडे तंतोतंत एका मापाचे निघाले. कागदावरचे ते दोन पोंत सारखे दिसतात ते एवढ्यामुळे. तोंडात मात्र ते अगदीच सारखे नाहीत. रोमान्योलमध्ये न् नाकात विरघळतो, स्वर अनुनासिक होतो, कोकणीत ऐकू येतो तसा. वेल्शमध्ये न् जिभेच्या टोकावर नीट उभा राहतो, आणि मग त.

लिंगही जुळत नाही. लॅटिनमध्ये पोन्स पुल्लिंगी, रोमान्योलमध्ये पुल्लिंगी. वेल्शमध्ये स्त्रीलिंगी. हे कळतं कसं, तर वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर शेजाऱ्याकडे बघून बदलतं. ‘अ’ हे उपपद पुढे आलं की स्त्रीलिंगी नाम मऊ होतं, पचा ब होतो: पोंत, पण अ बोंत, म्हणजे ‘तो पूल’. पुल्लिंगी असता तर प तसाच राहिला असता. ‘माझा पूल’ म्हणायचं तर व म्होंत. ‘तिचा पूल’ म्हणायचं तर ई फोंत. ‘त्याचा पूल’ म्हणताना पुन्हा बोंत. नवशिक्याची इथे खरी तारांबळ उडते: नकाशात गाव सापडतं पेन-अ-बोंत, ताल-अ-बोंत, आणि शब्दकोशात ‘ब’खाली बोंत सापडत नाही. कारण तो ‘प’मध्ये आहे. आपल्याकडे शब्दाचं शेपूट बदलतं (घर, घराला, घरात), तिथे डोकं बदलतं. शब्दकोश वापरायची सवयच उलटी करावी लागते.

आणि वेल्सच्या नकाशात एक गाव खास मराठी माणसाची थट्टा करायला बसवलेलं आहे. पोंत-अ-पूल. वाचल्यावर वाटतं, पुलाचा पूल! पण तो पूल म्हणजे पाण्याचा डोह, इंग्रजीकडून आलेला. डोहाजवळचा पूल, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रज या गावाला पाँटिपूल म्हणतात.

स्त्रीलिंगी पोंतची एक बहीण आपल्या अगदी जवळ आली होती. पोर्तुगीजमध्ये पोन्ते हा शब्द स्त्रीलिंगी आहे, आणि तो गोव्यात येऊन दगडात बसला. पणजी आणि रायबंदर यांच्या मधला तो लांबलचक, खारफुटीतून जाणारा बांध, १६३३-३४ मध्ये व्हाइसरॉय काउंट ऑफ लिन्यारिश यांच्या काळात बांधलेला, सुमारे तीन किलोमीटरचा: पोन्ते द लिन्यारिश. ओहोटीला चिखलाचा वास, दोन्ही बाजूंना पाणी, मधून रस्ता. रोमनांचा शब्द मांडवीच्या दलदलीत. त्याच गोव्यात आणि कोकणात ओढ्यावरच्या छोट्या पुलाला साकव म्हणतात. तो संस्कृत संक्रमचा झिजलेला वंशज, म्हणजे ओलांडायची जागा. नदी, ओढा, खाडी जेवढ्या जास्त, तेवढे पुलाचे शब्द जास्त. देशावर एक ‘पूल’ पुरतो.

थोडं कमानीबद्दल बोलावंसं वाटतं, कारण वेल्समध्ये पोंत हा शब्द ज्या गावाच्या नावात सगळ्यांना माहीत आहे, ते पोंत-अ-प्रीद एका कमानीच्या हट्टामुळे ओळखलं जातं. तिथे टाफ नदीवर विल्यम एडवर्ड्स नावाच्या गवंड्यानं १७५६ मध्ये एका कमानीचा पूल उभा केला. गाळा १४० फुटांचा, साधारण ४३ मीटर. तो पहिल्या खेपेला उभा राहिला नाही. आधी अनेक गाळ्यांचा पूल बांधला, तो पुरात गेला: नदीत खांब असले की पुरातली झाडं आणि काटेरी कचरा त्यांना अडकतो, पाणी तुंबतं आणि सगळा दाब खांबांवर येतो. मग खांबच नकोत म्हणून एकच कमान घेतली. कमान बांधताना खाली लाकडाचं सेंटरिंग लागतं, माथ्यावरचा शेवटचा दगड बसेपर्यंत सगळं वजन त्याच्यावर असतं. सेंटरिंग नदीनं ओढून नेलं की वरचं बांधकाम खाली. तेही झालं. नंतर कमान पुरी झाली, पण दोन्ही टोकांकडच्या भरावाचं वजन इतकं होतं की त्यानं कमानीच्या कुशी आत दाबल्या आणि पातळ माथा वर उचकटला गेला. माणूस कमान म्हटलं की ती खाली कोसळेल अशी धास्ती धरतो. ही वरच्या बाजूनं फुटली. एडवर्ड्सचा शेवटचा उपाय साधा होता: दोन्ही टोकांच्या भरावात आरपार गोल भोकं ठेवली, प्रत्येक बाजूला तीन, एकाहून एक लहान. वजन कमी झालं, माथा जागेवर राहिला, आणि पूल आजही आहे. फक्त चढ इतका उभा की भरल्या गाड्यांचे हाल व्हायचे. शंभर वर्षांनी शेजारी दुसरा, सपाट पूल बांधला, तेव्हा गाडीवाल्यांनी सुटकेचा श्वास टाकला असणार.

पण मी पुलावरून भटकत दुसरीकडे आलो. कागदावर परत यायचं तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. रोमान्योल आणि वेल्शमध्ये सारखे शब्द आणखीही आहेत, आणि प्रत्येकाचं नातं वेगळं आहे. कार घ्या. रोमान्योलमध्ये कार म्हणजे बैलगाडी, तीच रंगवलेली, जिच्या जुवाजवळ कावेया नावाची लोखंडी दांडी असते आणि तिच्यातल्या कड्या गाडी चालली की खणखणतात. वेल्शमध्ये कार म्हणजे गाडी, आणि डोंगरउतारावर जमिनीवरून घसटत न्यायची बिनचाकाची कार-ल्हिस्गही. इथे मात्र केल्टांचाच हक्क. गॉल लोकांच्या कार्रोसवरून रोमनांनी कार्रुस उचलला, सीझरच्या लिखाणात तो येतो, आणि फ्रेंच-इंग्रजीमार्गे शेवटी आपल्या पार्किंगमध्ये येऊन उभा राहिला. म्हणजे पोंत रोमनांनी केल्टांना दिला आणि कार केल्टांनी रोमनांना. तिसरा शब्द दात. रोमान्योलमध्ये देंत, वेल्शमध्ये दान्त, आणि आपल्याकडे दंत. यात कुणी कुणाला काही दिलं नाही, सगळ्यांना तो एकाच आजोबांकडून आला. तीन शब्द, तिन्ही सारखेच सारखे दिसतात, आणि तिघांची कुंडली वेगळी.

आता पोंतचे आजोबा. लॅटिन पोन्स ज्या मुळातून आला, त्याच मुळातून वैदिक पन्थाः आला. आपल्या शालेय संस्कृतात पथिन् चालवताना मुलं जिथे अडखळतात (पन्थाः, पन्थानम्, पण पथा, पथिभिः), ते ओबडधोबड रूप म्हणजे त्या जुन्या शब्दाची हाडं आहेत. ग्रीकमध्ये त्याच घरातला पोन्तोस म्हणजे चक्क समुद्र. स्लाव भाषांत पुत् म्हणजे वाट. आर्मेनियनमध्ये हुन म्हणजे नदीचा उतार, पायी पार करता येण्याची जागा. एकीकडे पूल, दुसरीकडे समुद्र, तिसरीकडे वाट, चौथीकडे उतार. या चारांना एका दोरीत कसं ओवायचं? फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९५४ मध्ये याचा उलगडा केला तो मला पटतो. वेदांत पन्थाः हा आखलेला, तुडवलेला रस्ता नसतो. अडचणीतून, अनोळखी प्रदेशातून काढलेली वाट असते, पक्ष्यांची आकाशातलीही. पलीकडे जायचं आहे, मधे काहीतरी आहे, आणि त्यातून जायचं. मधे नदी असेल तर पूल, समुद्र असेल तर समुद्रच, रान असेल तर वाट.

मराठीत या घराण्याची मंडळी पुष्कळ. पंथ तर आहेच, नाथांचा, महानुभावांचा, वारकऱ्यांचा. मराठीत ‘पंथ’ म्हटलं की डोळ्यांसमोर वाटेपेक्षा माणसं येतात. पथ, पथिक, पांथस्थ. आणि आजाऱ्याचं पथ्य, म्हणजे वाटेला धरून असलेलं. पण पथारी नाही! ती प्रस्तारवरून, पसरण्यावरून आलेली. पंतही नाहीत, ते पंडितांचे. आणि सगळ्यांत मोठा सापळा इंग्रजीचा पाथ. पथ आणि पाथ, अर्थ तोच, रूप तेच, आता तरी शंका नको? पण जर्मानिक भाषांत मूळ पचा फ होतो: पितृचा फादर, पादचा फूट. तेव्हा सरळ वारशानं आलेल्या शब्दाला प असता कामा नये. या घराण्यातला इंग्रजीचा खरा वारस फाइंड, शोधणे, असं मानतात. पाथचा प कुठून आला यावर वाद आहे, कुणी इराणी भाषांकडे बोट दाखवतात. सगळ्यात सारखा दिसणारा तोच निघाला संशयित.

मग सारखे न दिसणारे सगे कोण?

आपला ‘पूल’ फारसीतून आला. फारसी पुल, त्याआधी मध्य फारसीत पुह्ल, त्याआधी जुन्या इराणीत पृतु. पारशी धर्मग्रंथांच्या अवेस्तन भाषेत तोच पेरेतु. मेल्यानंतर आत्म्याला जो चिन्वत पूल ओलांडावा लागतो, तो चिन्वतो पेरेतु. मूळ अर्थ ओलांडण्याची जागा. नदीपार, पैलपार यांमधला आपला पारही याच धातूचा. आता हाच पृतु वेल्शच्या हाती दिला तर काय होईल? वेल्श आधी त्याचा प गिळणार, शेवटची शेपटी छाटणार, त चा द करणार. उरतं र्‍हीद. आणि वेल्शमध्ये र्‍हीद म्हणजे नदीचा उतार, जिथून पाण्यातून चालत पलीकडे जाता येतं. म्हणजे मराठी पूल आणि वेल्श र्‍हीद सख्खी चुलत भावंडं, आणि एकही ध्वनी दोघांत सामाईक उरलेला नाही. पोंत-अ-पूलमधला पूल आपला कुणी नाही. आपला माणूस र्‍हीद हे नाव घेऊन शेजारी बसलेला आहे, आणि आपण त्याला ओळखत नाही.

वेल्समध्ये पूल आणि उतार यांवर गोष्टी भरपूर. जुन्या कथेत बेन्दिगैदव्रान नावाचा राक्षसी देहाचा राजा आहे. आयर्लंडमध्ये सैन्य नदीशी अडतं, पूल नाही, तेव्हा तो स्वतः पात्रात आडवा होतो आणि त्याच्या अंगावर तट्ट्या टाकून माणसं पार होतात. त्या प्रसंगातलं वाक्य म्हणीसारखं राहिलं: अ वो बेन, बिद बोंत. जो डोकं, म्हणजे पुढारी, होईल, त्यानं पूल व्हावं. यातलं बेन म्हणजे पेन, बोंत म्हणजे पोंत, दोघांचेही प मऊ होऊन ब झालेले. एक प घरचा, दुसरा रोमनांचा, आणि वाक्यात ते इतके एकजीव की वेगळे काढता येत नाहीत. आजही वेल्शमध्ये गळ्याखालच्या हाडाला पोंत अर इस्गुइद म्हणतात, खांद्याचा पूल. इटालियन माणूस तर सुट्टी आणि शनिवार-रविवार यांच्या मधल्या दिवशी दांडी मारण्याला ‘पूल करणे’ म्हणतो. आपण फक्त ‘जोडून सुट्टी’ म्हणतो. पुलाची कल्पना आहे, पूल नाही.

सैतानाचीही गोष्ट दोन्हीकडे आहे. रिमिनीचा पूल सैतानानं बांधला असं सांगतात, मोबदल्यात पहिला ओलांडणारा जीव त्याचा. लोकांनी पुढे सोडला कुत्रा. वेल्समध्ये अबेरिस्त्विथजवळ पोंत-आर-वनाख आहे, मनाख नदीवरचा पूल, एकावर एक बांधलेले तीन पूल: तळाशी मध्ययुगीन, मधे १७५३ चा, वर १९०१ चा लोखंडी. तिथे म्हातारीची गाय पलीकडे अडकली होती, सैतानानं तीच अट घातली, म्हातारीनं पावाचा तुकडा पलीकडे फेकला आणि तिचा कुत्रा त्यामागे धावला. ही गोष्ट मात्र या दोन ठिकाणांची खास नाही, युरोपभर जिथे जुना पूल तिथे ती आहे. त्यावरून नातं जोडू नये, हे आता सांगायला नको. कुत्र्याचं काय झालं हे मात्र कुठेच नीट सांगत नाहीत.

त्या पुलापासून थोड्या अंतरावर, तेइवी नदीकाठी, एक लहान गाव आहे: पोंत-र्‍हीद-वेन्दिगैद. पोंत रोमनांचा. वेन्दिगैद म्हणजे बेन्दिगैद, आशीर्वाद लाभलेलं, पुण्य. तोही लॅटिनमधूनच आलेला, त्या राक्षसी राजाच्या नावातला. मधला र्‍हीद घरचा, आपल्या पुलाचा चुलतभाऊ. पुण्य उताराजवळचा पूल. आपल्याकडे तीर्थ या शब्दाचा जुना अर्थ नदी उतरून जाण्याची जागा असाच होता. भाषांतर करायचं तर त्या गावाचं नाव तीर्थाजवळचा पूल होईल. मात्र एवढं लांब नाव रोज कोण घेणार. आसपासचे लोक त्याला नुसतं बोंत म्हणतात. वेन्दिगैद गळला, र्‍हीदही गळला. कागदावर पोंतच्या खाली तिसऱ्या ओळीत आता ‘र्‍हीद’ लिहायला हवं, आणि त्याच्यापुढे, कंसात, मराठी.